फारामिरला ती अंगठी रस्त्यात पडलेली दिसली असती तर?

उत्तरेश्वरपेठी (धागाकर्ता)

राजाराम बंधारा चार दिवस पाण्याखाली आहे, शाळांना सुट्टी आहे आणि भाचा आमच्याकडं मुक्कामाला आहे. नववीत आहे. उन्हाळ्यात त्यानं टॉल्किनचं ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ इंग्रजीतून वाचून काढलं, परिशिष्टांसकट. न वाचलेल्यांसाठी: जो घेईल त्याला बिघडवणारी एक जादूची अंगठी आगीत टाकून संपवायला फ्रोडो नावाचा हॉबिट (बुटक्या लोकांतला एक) निघालाय, सोबतीला सॅम. (कॉलेजात असताना मी परिशिष्टांपाशी पुस्तक मिटलं होतं. हे घरात कुणाला माहीत नाही, तुम्हीपण बोलू नका.) पीटर जॅक्सनचे तिन्ही सिनेमे दाखवीन असं त्याला कबूल केलं होतं, तेही लांबवलेल्या आवृत्तीतले. दोन रात्री झाल्या. प्रेक्षक तिघं: मी, भाचा आणि आई. आईला इंग्रजी येत नाही, पण टीव्ही चालू असताना आत जाऊन झोपणं तिला जमत नाही. ती लसूण सोलत बसते आणि नातू तिला काय चाललंय ते सांगतो.

पहिल्या रात्री पोरगं चारपाच वेळा ‘मामा, हे असं नाहीये’ म्हणालं आणि गप्प बसलं. दुसऱ्या रात्री ह्या दोघांना वाटेत पकडणारा सरदार फारामिर आला आणि त्यानं माझ्या हातातला रिमोटच काढून घेतला. पडद्यावर तलवारीचं टोक फ्रोडोच्या गळ्यातल्या साखळीत अडकवलेलं, टोकाला अंगठी लोंबतेय, फारामिर तिच्याकडं टक लावून बघतोय. चित्र तिथंच थांबवलं. मग पोरानं उशाखालून पुस्तक काढलं आणि आज्जीला मराठीत सांगायला लागलं.

पुस्तकात हीच गुहा आहे, हाच धबधब्याचा पडदा आहे. फारामिर आधीच सांगून बसलाय की असली वस्तू वाटेत पडलेली दिसली तरी मी उचलणार नाही. नंतर सॅमची जीभ घसरते आणि अंगठी ह्यांच्याकडंच आहे हे फारामिरला कळतं. तो उठून उभा राहतो. वाचणाऱ्याच्या पोटात गोळा. आणि तो परत खाली बसतो. बास, एवढंच. मग दोघांना शिधा देतो, हातात काठ्या देतो आणि वाटेला लावतो.

सिनेमात तो ह्यांना बांधून ऑस्गिलियाथच्या पडक्या शहरात घेऊन जातो. का, तर अंगठी बापाला नेऊन द्यायची. तिथं वरून शत्रूचा उडता स्वार, नाझगुल, येतो, धावपळ होते, मग कुठं त्याला उपरती होते.

फारामिरचा थोरला भाऊ बोरोमिर अंगठीच्या मोहात आधीच बिघडलेला. म्हणून पोराचा प्रश्न असा: ‘मामा, थोरला चुकला म्हणून धाकट्यानं पण चुकलंच पाहिजे का?’

मला उत्तर आलं नाही. पुस्तकातला रानात राहणारा टॉम बॉम्बाडिल सिनेमात अख्खाच्या अख्खा गाळलाय, त्याचं मला काही वाटलं नाही. गाळणं वेगळं. माणूस तोच ठेवायचा आणि त्याच्या आतलं काढून घ्यायचं, हे मला जास्त लागलं. तुमचं काय मत?

ओलीसुकी

रुमाल टाकून ठेवतो. ऑफिसातून टंकाळा आलाय, रात्री लिहितो.

गोलकीपर

भावा, पुस्तक वाचलेलं न्हाई, आधीच सांगतो. सिनेमा किती वेळा बगितला ते इचारू नकोस.

पाच-सहा तास तुम्ही पब्लिकला सांगताय की ही अंगठी लई वंगाळ. गँडाल्फसारखा जादूगार हात लावायला भितोय. बोरोमिरसारखा गडी बिघडला. आन् मग एक जण येतो आन् म्हणतो ‘नको मला’. मग अंगठीचा दरारा राहिला कुठं? शाहू स्टेडियमवर मॅच शून्य-शून्य हाय, फॉरवर्ड एकटा गोलसमोर, आन् त्यानं बॉल सोडून दिला. पब्लिक काय म्हणंल? किती सज्जन म्हणंल? फिक्सिंग म्हणंल मर्दा!

तलवारीच्या टोकावर अंगठी धरलेला तो शॉट, इषय हार्ड. त्याबद्दल एक शब्द ऐकून घेणार न्हाई.

कागलकडचा_मास्तर

गोलकीपर, पुस्तक न वाचता तुम्ही जे बोललात, पटकथा लिहिणाऱ्या मंडळींनी नेमकं तेच कारण दिलं आहे. जॅक्सन, फ्रॅन वॉल्श आणि फिलिपा बॉयन्स यांचं म्हणणं असं की कुणी सहज नाही म्हणाला तर अंगठीची भीती तिथंच संपते. दुसरं कारण तारखांचं आहे, ते भाच्याला नक्की आवडेल.

दुसऱ्या खंडाच्या शेवटी फ्रोडो शेलॉब या जाळं विणणाऱ्या अजस्र कोळिणीच्या तावडीत सापडतो. सिनेमात ते सगळं तिसऱ्या भागात गेलं. लोक म्हणतात ढापाढापी केली. पण टॉल्किननंच परिशिष्टात दिलेली दिनदर्शिका काढा. हेल्म्स डीप किल्ल्याची लढाई ३ मार्चच्या रात्री, फ्रोडो-फारामिर भेट ७ मार्चला, शेलॉबची गुहा १२-१३ मार्चला आणि मिनास टिरिथच्या मैदानातली लढाई १५ मार्चला. म्हणजे शेलॉब तिसऱ्या भागात टाकणं तारखेनं बरोबरच आहे. पुस्तकात आधी एका बाजूची हकीकत पूर्ण सांगून मग दुसरी घेतलीय, सिनेमात दोन्ही सुतं एकत्र वळावी लागतात. पण शेलॉब पुढं गेली आणि दुसऱ्या सिनेमात फ्रोडोच्या वाट्याला शेवटच उरला नाही. ते भोक बुजवायला ऑस्गिलियाथ आलं. सदऱ्याचं एक बटण चुकलं की खालची सगळी चुकतात, त्यातला प्रकार.

तरीही मी भाच्याच्या बाजूनं आहे, कारण हा एकट्या फारामिरचा प्रश्न नाही. जरा ओळीनं बघा. ट्रीबिअर्ड आणि त्याचे एन्ट, म्हणजे चालतीबोलती झाडं, पुस्तकात तीन दिवस सभा भरवतात आणि स्वतःच्या विचारानं दुष्ट जादूगार सारुमनवर चालून जातात. सिनेमात सभा ‘आम्हाला काय त्याचं’ म्हणून उठते, मग पिपिन हा हॉबिट ट्रीबिअर्डला तोडलेली झाडं दिसतील अशा वाटेनं नेतो तेव्हा म्हातारा पेटतो. अ‍ॅरागॉर्न हा गादीचा वारस पुस्तकात मोडकी तलवार जवळ बाळगून असतो आणि रिव्हेंडेलहून निघायच्या आधी ती पुन्हा घडवून घेतो. सिनेमात तिसऱ्या भागात होणारा सासरा ती छावणीवर आणून हातात देतो, तोवर ह्याचं ‘मला नको ते राजेपण’ चालू. राजा थेओडेन पुस्तकात लढायला निघतो आणि वाटेत खबर कळल्यावर हेल्म्स डीपकडं वळतो, सिनेमात प्रजा घेऊन लपायला जातो.

सिनेमात प्रत्येकाला आधी ‘नाही’ म्हणायला लावलंय आणि मग कुणीतरी ढकलल्यावर ‘हो’. चांगला माणूस पहिल्यापासून ठाम उभा असेल तर प्रेक्षकाला कंटाळा येईल, अशी एक धास्ती या पटकथेत खालून वाहत असते. फारामिर त्या धास्तीचा बळी आहे.

पुणे_मुक्कामी

मास्तर, बाकी मान्य, पण अ‍ॅरागॉर्नचं चित्र तुम्ही जरा एकरंगी केलंत. मोरियाच्या खाणीत गँडाल्फ गेल्यावर पुस्तकातला अ‍ॅरागॉर्नही चाचरतो. कुठल्या वाटेनं जायचं हे त्याला ठरवता येत नाही आणि बोरोमिर मेल्यावर तर आज माझं सगळं चुकतच गेलं असं तो स्वतःच म्हणतो. शंका पुस्तकात आहेच, सिनेमानं ती फक्त मोठी केली.

गोलकीपर

आले पुण्याहून पेपर तपासायला.

कागलकडचा_मास्तर

नाही, पाहुण्यांचं बरोबर आहे. त्याला शंका वाटेच्या निवडीची आहे, स्वतःच्या हक्काची नाही, एवढा फरक धरून मी माझं वाक्य अर्धं मागं घेतो.

तिखटमीठ

सगळे फारामिरला धरून बसलाय. माझं भांडण फ्रोडोवरून आहे.

पुस्तकात त्याला अंगठी मिळते तेव्हा तो ३३ वर्षांचा असतो आणि घर सोडतो तेव्हा ५० चा. मधली सतरा वर्षं सिनेमानं गुंडाळली, गँडाल्फ जातो काय आणि धापा टाकत परत येतो काय. ते एक वेळ ठीक, गोष्टीला घाई पाहिजे. पण त्यामुळं शहाणा, वाचलेला, एल्फांची, म्हणजे त्या गोष्टीतल्या अमर लोकांची, भाषा थोडी बोलणारा जाणता गृहस्थ जाऊन त्याच्या जागी मोठ्या डोळ्यांचं पोरगं आलं. चित्रीकरण १९९९ च्या ऑक्टोबरात सुरू झालं तेव्हा एलायजा वूड १८ वर्षांचा होता. काम त्यानं चांगलं केलंय, त्याच्याबद्दल तक्रार नाही.

नदीचा प्रसंग काढा. सिनेमात आर्वेन ही एल्फांची राजकन्या घोड्यावर, फ्रोडो तिच्या पुढ्यात बेशुद्ध. ती तलवार उपसून पाठलागावरच्या नऊ स्वारांना आव्हान देते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी टाळी वाजवली होती, बाईला काम मिळालं म्हणून. पुढं पुस्तक वाचलं. तिथं आर्वेन नाहीच, घोडा ग्लॉर्फिंडेल नावाच्या एल्फाचा, आणि त्यावर फ्रोडो एकटा. खांद्यात विषारी पात्याचा तुकडा, अंग गार पडत चाललेलं, समोर पाणी, पलीकडं नऊ जण. तो एकटा वळतो, तलवार उचलतो आणि ‘परत जा’ म्हणून ओरडतो. आवाज फुटत नाही, हात थरथरतो, पण ओरडतो. सिनेमात त्याच माणसाचं गाठोडं करून नदीपार नेलंय.

आर्वेनला काम द्यायचं तर द्या की. फ्रोडोच्या ताटातलं काढून कशाला?

शेलारमामा

धागा कोल्हापुरातून निघालाय आणि कुणी घरचं उदाहरण देईना, म्हणून आलो.

बाबूराव पेंटरांनी १९२३ साली ‘सिंहगड’ काढला, आपल्या इथल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा. हरिभाऊ आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ वरून. मूकपट! म्हणजे कादंबरीतला संवाद नावाचा सगळा ऐवज दारातच चपलांबरोबर काढून ठेवायचा, पाटीवर मावेल तेवढाच आत. शिवाजी महाराज स्वतः बाबूराव, शेलारमामा व्ही. शांताराम (माझं इथलं नाव तिथून आलंय). रात्रीचा हल्ला दाखवायला पेंटरांनी कृत्रिम प्रकाश वापरला, हिंदुस्थानात तेव्हा ते नवीन होतं. आपट्यांची कादंबरी पानापानावर बोलते, पेंटरांचा सिनेमा उजेड-अंधारात बोलला. ह्याला प्रामाणिक म्हणायचं की बेइमान?

आणि मूळ मूळ म्हणता ते तरी कुठं एका जागी बसलेलं असतं? आपट्यांनी इतिहासात कमलकुमारीची गोष्ट गुंफली, ती त्यांची स्वतःची. टॉल्किनसाहेबांनी तर स्वतःचंच पुस्तक बदललं. ‘द हॉबिट’ १९३७ साली आलं, त्यात अंगठीचा आधीचा धनी गॉलम पैजेत ती लावतो आणि हरल्यावर फ्रोडोच्या नातलगाला, बिल्बोला, सभ्यपणे बाहेरची वाट दाखवतो. पुढं मोठी कादंबरी लिहिताना अंगठी भयंकर निघाली, मग असला सभ्य गॉलम चालेना. १९५१ च्या आवृत्तीत ते प्रकरण नव्यानं लिहिलं, आणि पहिली हकीकत म्हणजे बिल्बोनं मारलेली थाप होती असं गोष्टीतच बसवून टाकलं. आहे की नाही वस्ताद?

खरी कॉर्नरवरच्या कॅमेऱ्याच्या स्मारकाला नमस्कार करून खाली बसतो.

ओलीसुकी

रुमाल उचलला. मी सिनेमाची वकिली करणार आहे, आधीच अंगावर घोंगडी घेतो.

घटना बदलल्या हे खरं, पण शब्द किती जपलेत ते बघा. नुसते वेगळ्या तोंडी दिलेत. बिल्बोनं गॉलमवर दया केली आणि ती दयाच पुढं अनेकांचं नशीब ठरवील, हे गँडाल्फ पुस्तकात फ्रोडोच्या घरी शेकोटीपाशी सांगतो. सिनेमात तेच मोरियाच्या अंधारात, गॉलम मागं मागं येतोय हे कळल्यावर. मला सिनेमातली जागा जास्त बरी वाटते. शेकोटीपाशी ती शिकवण होती, मोरियात गॉलमचे डोळे चमकताना दिसतात.

थेओडेनची भाची एओविन हिच्यापाशी येऊन राजाचा कपटी सल्लागार ग्रीमा जे गोड विषारी बोलतो, ते पुस्तकात तिच्या आजारपणात गँडाल्फ तिच्या भावाला कळवळून सांगतो. तेच शब्द दुष्टाच्या तोंडी दिले आणि अंगावर काटा आला. बॉम्बाडिल गाळला म्हणता, तर त्याच्या रानातलं माणसं गिळणारं झाड लांबवलेल्या आवृत्तीत ट्रीबिअर्डच्या रानात निघतंच. घर पाडलं पण चौकट, दारं, तुळया नव्या घरात लावल्या. हे पुस्तकावर प्रेम असल्याशिवाय होत नाही.

आणि बोरोमिर. पुस्तकात त्याचं मरण आपल्याला दिसतच नाही. पहिला खंड त्याच्या आधी संपतो, दुसऱ्याच्या सुरुवातीला अ‍ॅरागॉर्न धावत येतो तेव्हा तो झाडाला टेकलेला, अंगात बाण. सिनेमात एकेक बाण लागताना दिसतो आणि तो पुन्हा उठतो. तिथं पुस्तक मागं पडलं. पडलं म्हणजे पडलं.

गोलकीपर

ओलीसुकी नाद खुळा! तिसरा बाण लागल्यावर उठतो तवा माझ्या बाच्या डोळ्यात पाणी. बा कधी रडत न्हाई, म्हशी इकल्या तवा पण न्हाई.

उत्तरेश्वरपेठी

बोरोमिरला माझीपण हरकत नाही. परवा तिथं आईनं लसणाची पाटी खाली ठेवली होती.

अवांतर: पहिल्यांदा मी हा तिसरा भाग भाड्याच्या सीडीवर बघितलाय. शेवटची सीडी इतकी घासलेली की शेलॉबच्या गुहेत चित्र चौकोन चौकोन होऊन अडकायचं. शर्टानं पुसून, उलटी धरून, फुंकर मारून पुन्हा लावायची. तीन वेळा लावूनपण फ्रोडो गुहेतून बाहेर आलाच नाही, दुसऱ्या दिवशी दुकानदारानं वर दहा रुपये दंड मागितला. त्यामुळं माझ्यासाठी बरीच वर्षं फ्रोडो कोळ्याच्या जाळ्यातच होता.

फौजीचा_पोर

मी शिरोळ भागातला. आमच्याकडं घरटी एक फौजी. गाळणं वेगळं आणि बिघडवणं वेगळं असं धाग्यात वर लिहिलंय, मला तेवढं पटलं नाही. काही गाळलं की सगळंच बिघडतं.

सिनेमात चौघं हॉबिट लढाई जिंकून शायरला, आपल्या मुलखात, परत येतात. हिरवंगार गाव, खानावळीत तोच गलका, कुणी वळूनसुद्धा बघत नाही. पुस्तकात परत येतात तेव्हा वेशीला फाटक लावलेलं, झाडं तोडलेली, नव्या गिरणीची घाण नदीत चाललेली, गावात भाडोत्री गुंड, भिंतीवर नियमांच्या याद्या. सारुमननं सगळं नासवलंय. ह्या चौघांना आपल्याच गावात लढावं लागतं. १९ हॉबिट मरतात. एवढ्या मोठ्या युद्धाच्या गोष्टीत हा आकडा काहीच नाही, पण ही १९ माणसं ओळखीची असणार ना. सारुमन मरतो तेही फ्रोडोच्या घराच्या दारात.

टॉल्किन १९१६ साली पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या सोमच्या आघाडीवर होता. हे प्रकरण दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इंग्लंडवरचं रूपक नाही, ते आधीपासूनच कथेत होतं, असं त्यानं नंतर प्रस्तावनेत सांगितलं. पण त्याच ठिकाणी हेही लिहिलंय की ज्या भागात लहानपण गेलं तो आपण दहा वर्षांचे व्हायच्या आतच नासत चालला होता.

वडील सतरा वर्षं नोकरी करून पेन्शनवर आले तेव्हा मी त्यांना आणायला स्टॅंडवर गेलो होतो. काळी ट्रंक, होल्डॉल. गाडी गावाकडं वळली आणि ते म्हणाले, वड कुठं गेले? रस्ता रुंद झाला होता. ते एकदाच म्हणाले. पण पुढं कितीतरी दिवस संध्याकाळी त्या जागी जाऊन उभे राहायचे, आता तिथं टपरी आहे. सिनेमात तो वड तोडलाच नाही. म्हणून मला तो शेवट गुळचट वाटतो.

तिखटमीठ

फौजीचा_पोर, वाचून थांबले होते जरा.

पुणे_मुक्कामी

शायरबद्दल सहमत, पण व्यवहार बघा. तिसरा सिनेमा थिएटरात आला तोच २०१ मिनिटांचा. अंगठी जळाल्यानंतर निरोप, राज्याभिषेक, घर, जहाज असे चार शेवट आधीच आहेत. त्यात आणखी एक लढाई घातली असती तर लोक उठून गेले असते. ऑस्करला ११ नामांकनं आणि ११ च्या ११ पुतळे, ते उठून न गेलेल्या लोकांमुळं.

कागलकडचा_मास्तर

पुतळ्यांनी सिनेमा चांगला ठरतो, इमानी ठरत नाही. टॉल्किनच्या मुलानं, ख्रिस्तोफरनं, २०१२ साली एका फ्रेंच दैनिकाच्या मुलाखतीत या सिनेमांवर सरळ कोरडे ओढले होते. पंधरा ते पंचवीस वयाच्या पोरांसाठी मारधाडपट करून पुस्तकाची आतडी काढली, असा त्याचा सूर होता.

पण बाप काय म्हणाला होता ते जास्त मजेचं आहे. १९५८ साली मॉर्टन झिमरमन नावाच्या अमेरिकन माणसानं या कादंबरीवर सिनेमाचा आराखडा करून पाठवला. टॉल्किननं तो ओळीनं तपासला, आपल्याकडं जुने हेडमास्तर निबंध तपासायचे तसा. जिथं तिथं गरुड कशाला? एल्फांच्या लेंबास भाकरीला तुम्ही ‘अन्नाचा अर्क’ कसं म्हणता? मारामाऱ्यांचा एवढा सोस का? चिडलाय, पण गाळण्यावर चिडलेला नाही. बॉम्बाडिलच्या बायकोबद्दल, गोल्डबेरीबद्दल, तो लिहितो की अर्थ नसलेलं दर्शन देण्यापेक्षा ती गायब झालेली बरी. आणि गोलकीपर, बसून वाचा: एन्ट आणि हेल्म्स डीपची लढाई या दोन्हींना पुरेशी जागा देता येत नसेल तर एक काढा, आणि काढायची तर ती लढाई काढा, मूळ कथेला ती आनुषंगिक आहे.

पुस्तकात हेल्म्स डीप हे एक प्रकरण आहे. सिनेमात दुसऱ्या भागाचा कळसच तो. पुस्तकात नसलेली एल्फांची तुकडीसुद्धा तिथं मदतीला आणली.

गोलकीपर

म्हंजे लेखकानंच हेल्म्स डीप काढा म्हटलं? पावसातली ती लढाई? शिडीवरची? मग माझ्याकडं राहिलं काय मास्तर?

शेलारमामा

बोरोमिरचे बाण राहिले.

तिखटमीठ

मास्तरांनी गाळणं-बिघडवणं मिटवलं असं समजू नका. जागा एकच आहे जिथं सिनेमानं दोन्ही एकदम केलं, आणि आज रात्री तुमचं तिसऱ्या भागाचं आहे म्हणून आधीच सांगून ठेवते. सिरिथ उंगोलच्या पायऱ्या.

पुस्तकात तिघं पायऱ्या चढून दमलेत. गॉलम कुठं तरी गेलाय, कोळिणीशी संधान बांधून आलाय. परत येतो तेव्हा फ्रोडो सॅमच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेला, आणि सॅमचापण डोळा लागलेला. गॉलम उभा राहून बघतो. त्याच्या डोळ्यातली ती हिरवी चमक विझते. तो मागं वळून खिंडीकडं बघतो, मान हलवतो, आतल्या आत काहीतरी चाललंय. मग हळूच हात पुढं करून फ्रोडोच्या गुडघ्याला लावतो, इतका हलका की तो हात लावणं नव्हे, कुरवाळणंच. त्या क्षणी तो एक खूप म्हातारा, दमलेला, आपली सगळी माणसं मागं हरवून आलेला जीव दिसतो. एवढ्यात सॅमला जाग येते, आणि हा मालकाला हात लावतोय हे बघून तो खेकसतो. चोरट्यासारखा काय करतोस? झालं. डोळे पुन्हा हिरवे. दार उघडता उघडता बंद.

यात खलनायक कोण? सॅम! सगळ्यात चांगला माणूस. त्याचं प्रेमच आडवं आलं. टॉल्किननं स्वतः पत्रात लिहिलंय की गॉलमचं हे हुकलेलं परिवर्तन त्याला सगळ्यात जास्त चटका लावून गेलं.

सिनेमात त्या जागी काय आहे? गॉलम रात्री भाकरी दरीत फेकतो, झोपलेल्या सॅमच्या अंगावर चुरा टाकतो आणि सकाळी म्हणतो, बघा मालक, ह्यानंच खाल्लं. फ्रोडो सॅमला म्हणतो, घरी जा. अहो, सुनेच्या पदरावर साखर सांडायची आणि सासूला बोलवायचं! हे रोज संध्याकाळी साडेसातला फुकट दिसतं की. आणि फ्रोडो, जो बाकी सगळं हरला तरी सॅमवरचा विश्वास हरत नाही, तो चुऱ्यावरून त्याला हाकलतो?

ओलीसुकी

इथं माझं वकीलपत्र परत घेतो. ह्याला बचाव नाही.

पुणे_मुक्कामी

एकच सांगतो. दुसऱ्या भागात गॉलम स्वतःशीच भांडतो तो प्रसंग या हुकलेल्या क्षणाची भरपाई करायला जातो, आणि बऱ्यापैकी करतो.

तिखटमीठ

करतो. पण तिथं तो एकटा असतो. गुडघा नसतो हात लावायला.

फौजीचा_पोर

आणि शेवटचा कडा? पुस्तकात गॉलम फ्रोडोचं बोट तोडून अंगठी घेतो आणि आनंदानं नाचता नाचता पाय चुकून पडतो. सिनेमात फ्रोडो उठून त्याच्याशी झटतो आणि दोघं कड्यावरून जातात. पुस्तकात डोंगर चढताना फ्रोडोनं त्याला बजावलेलं असतं की पुन्हा मला हात लावलास तर तूच त्या आगीत जाशील. शब्द खरा झाला. झटापटीत ते गेलं.

गोलकीपर

मला झटापट आवडली. पण तुमचं ऐकून आता पुस्तक वाचावं लागणार असं दिसतंय. मराठीत हाय का? इंग्रजीचं आणि माझं जमत न्हाई.

कागलकडचा_मास्तर

आहे. ‘स्वामी मुद्रिकांचा’, अनुवाद मुग्धा कर्णिक यांचा. आधी शायरची वर्णनं येतील, मध्येच सोडू नका. तुम्हाला बॉम्बाडिल आवडेल बघा. तो पण कुणाचं ऐकत नाही.

उत्तरेश्वरपेठी

तिसरी रात्र झाली. सव्वा वाजलाय, पाऊस थांबलाय, लिहून झोपतो.

तिखटमीठांनी पायऱ्यांचं सांगून ठेवलं ते बरं केलं. फ्रोडो सॅमला ‘घरी जा’ म्हणाला, नातवानं ते मराठीत सांगितलं आणि आई ताडकन म्हणाली, ‘ह्याला अक्कल न्हाई.’ पोरगं एवढं खूष झालं की चित्र थांबवायचं विसरलं. मग मीच थांबवलं आणि त्याला म्हटलं, वाच. त्यानं ते गुडघ्याचं पान आज्जीला सांगितलं. आईनं ऐकून घेतलं, काही बोलली नाही. पुढं अर्धा तास गॉलम पडद्यावर आला की ती ‘बिचारं’ म्हणत होती. त्यानं सिनेमात काहीही केलं तरी.

कड्यावरून, शायरवरून आम्ही मामा-भाचे भांडलो, ते लिहीत नाही, इथल्यासारखंच झालं. शेवटी जहाज गेलं. सॅम घरी येतो, फाटकापाशी बायको-पोरं, एवढंच बोलतो की मी आलो, आणि गोल दार बंद होतं. नावं सुरू झाली. मी दिवा लावायला उठलो तर आई म्हणाली, ‘जेवला का तो?’

मी म्हटलं, सिनेमा संपला आई.

‘ते कळलं. एवढ्या लांबनं माणूस पोचवून आला. जेवायला ठेवलं होतं का कुणी?’

पोरानं शेवटचं पान काढलं. आधी मनात वाचलं, मग आज्जीला सांगितलं. आत पिवळा उजेड होता, चूल पेटलेली होती, रात्रीचं जेवण तयार होतं आणि घरचे त्याची वाट बघत होते.

‘मग बरं,’ असं म्हणून तिनं लसणाची सालं पदरात गोळा केली आणि आत गेली.